श्वासाच्या रेघा

धाकटीचं लग्न झालं त्या वर्षीची गोष्ट. थोरली स्वयंपाकघरात टेबलाशी बसून एका कागदावर खाडाखोड करत होती. अण्णा आत आले तसा तिने तो ताटाखाली सरकवला.

अण्णा, तिचे वडील, एकतीस वर्षं सरकारी रेडिओवर निवेदक होते. लग्नाआधी दोन महिने त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव तेवढ्यापुरता वाचला, आवाज गेला. आता ते पाटीवर लिहून बोलत.

“जन्मभर अख्ख्या मुलखाशी गोड बोलले,” आई म्हणे, “माझ्या वाट्याला पाटी.”

अण्णा लिहीत, ‘वाचतेस तरी. ऐकत कुठे होतीस?’

सरकारी रेडिओ जुन्या कार्यक्रमांची नवी वाहिनी काढणार होता. त्यात अण्णांचे कार्यक्रम सगळ्यात जास्त. घरात मात्र दिव्याखाली अंधार. त्यांच्या आवाजाची एकही टेप नव्हती. वाहिनी सुरू व्हायच्या तारखेभोवती अण्णांनी कॅलेंडरवर गोल काढून ठेवला होता.

आणि थोरली नोकरीला होती खाजगी रेडिओत. तिथेही जुनीच गाणी लागत, त्यावर अठरा घरं चालत. सरकारच्या पैशावर तोच माल फुकट मिळू लागला तर जाहिराती जाणार, दाराला कुलूप लागणार. मालकांनी हरकत घेतली. वाहिन्यांना परवानगी देणाऱ्या मंडळापुढे ती हरकत वाचायचं काम थोरलीच्या गळ्यात पडलं. घरी तिने ताकास तूर लागू दिली नव्हती.

अण्णांनी ताट उचललं. कागद शेवटपर्यंत वाचला, चष्मा पुसला आणि खिशातून पेन्सिल काढली.

“अण्णा, मी दुसऱ्या कुणाला तरी वाचायला सांगते.”

त्यांनी मान हलवली आणि शब्दांमध्ये उभ्या रेघा मारू लागले. एक रेघ म्हणजे छोटा श्वास, दोन म्हणजे पूर्ण थांबायचं. स्टुडिओत जाण्याआधी ते रोज असेच कागद तयार करत.

शेवटचं वाक्य होतं, ‘हे आवाज लोकांनी एकदा ऐकले आहेत, ते पुन्हा ऐकवण्याची गरज नाही.’ तिथे पेन्सिल जरा रेंगाळली. मग मधोमध दोन रेघा पडल्या. अण्णांनी पाटी ओढली.

‘इथं घाई नको. लहानपणापासून शेवट गिळतेस.’

सुनावणीत ती त्या दोन रेघांशी आली आणि थांबली. मालक खुर्चीत चुळबुळले. अध्यक्षांनी कागदातून मान वर केली.

“संपलं का, बाई?”

“नाही,” ती म्हणाली, आणि उरलेलं वाचलं. शेवट गिळला नाही.

वाहिनी सहा महिने पुढे ढकलली गेली. मालकांनी तिची पाठ थोपटली.

घरी अण्णांनी विचारलं, ‘कसं वाचलंस?’

“तुम्ही सांगितलं तसं.”

‘मग ऐकणारच ते.’

त्यांनी उठून कॅलेंडरची पानं उलटली, नवी तारीख शोधली आणि तिच्याभोवती गोल काढला.

वाहिनी त्या तारखेला सुरू झाली. अण्णा त्याआधी पाच आठवडे, एका मंगळवारी सकाळी वारले.