थंडीत जागी राहिलेली चकती

मित्रांनो, मी एक जुनी चकती आहे. नखाएवढी, कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ. एकोणीसशे नव्वदच्या सुमारास कोलशेतच्या खाडीकाठी एका प्रयोगशाळेत वासंतीताईंनी मला घडवलं. प्लॅस्टिकसारखा एक पदार्थ आणि लिथियमचं मीठ एकत्र विरघळवून त्यांनी काचेवर पसरलं. ते वाळलं आणि मी जन्मले. बॅटरीच्या दोन टोकांमध्ये बसायचं आणि लिथियमच्या कणांना पलीकडे पोचवायचं, हे माझं काम. सांडणारं, पेट घेणारं द्रव बॅटरीत नको, म्हणून हा सगळा खटाटोप.

माझ्या पोटात लांबच लांब साखळ्या आहेत. कढत चहाइतकी ऊब मिळाली की त्या संथ डुलू लागतात आणि कणांना पुढे सरकवतात. खिडकीतून मला होडी दिसायची. कोळणी मासळीच्या पाट्या हातोहात काठावर द्यायच्या. माझ्या आतही तसंच चाले. पण गार झाले, की माझ्या साखळ्या शहाण्या मुलींसारख्या रांगा लावून झोपी जात आणि कण अडकून पडत.

म्हणून मला बॅटरीत बसवून ती विजेच्या शेगडीवर ठेवत. वरच्या कचेरीतून पाहुणे तपासणीला आले, त्या शुक्रवारी नेमकी वीज गेली. शेगडी निवली, मी निवले, आणि माझ्या जिवावर लागलेला, बॅटरीला जोडलेला लाल दिवा विझला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"संक्रांतीला पुन्हा येऊ," पाहुणे म्हणाले. "शेगडीशिवाय दिवा लागला नाही, तर हे काम बंद."

ताईंनी मीठ वाढवून पाहिलं. मी आणखीच ताठरले. दिवाळी संपली आणि एका सकाळी त्या धावतच आल्या.

"सर, काल चिरोट्यांचा पाक करत होते. आई ओरडली, 'अगं, लिंबू पिळ, नाहीतर पाकाची साखर होईल!' आपल्या चकतीतल्या साखळ्यांचंही निवल्यावर तेच होतंय."

प्रमुख हरिहर सरांनी चष्मा वर केला. "अहो बाई, मग आता इथे लिंबू पिळणार?"

"लिंबू नाही हो सर. ॲल्युमिनाची बारीक पूड मिसळू. साखळ्यांना रांगाच लावता येऊ नयेत."

मला सोडवून पुन्हा विरघळवलं. पिठासारखी पांढरी पूड माझ्यात घोटली. मी नव्याने वाळले, तेव्हा कुठेतरी दूर भरतीचं पाणी चढतंय असं वाटत होतं.

संक्रांतीच्या सुमारास पाहुणे आले. साखळ्या मोकळ्या व्हाव्यात म्हणून सकाळी मला एकदाच ऊब दिली होती, मग शेगडी मुद्दाम बंद केली. खाडीवरून बोचरा वारा येत होता. माझ्या साखळ्या पेंगुळल्या, रांग लावायला गेल्या, पण मध्ये पूड आडवी आली. त्या डुलतच राहिल्या. दिवा लागला. मंद होता, पण विझला नाही. ताईंचे डोळे भरून आले.

हरिहर सर हळूच म्हणाले, "लिंबू चांगलं पिळलंत हं, बाई."

काम पुढे चाललं. माझ्याहून सरस चकत्या आल्या. सर निवृत्त झाले, ताई दुसऱ्या गावी गेल्या आणि मी या पत्र्याच्या डबीत पडून राहिले. इतक्या वर्षांत पुडीलाही न जुमानता माझ्या साखळ्या झोपल्या. मी पांढुरकी झाले. आज कपाट रिकामं करायला माणसं आली आहेत. भंगाराचं पोतं दाराशी उघडं आहे.

मित्रांनो, डबी तुमच्या हाती आली तर एवढंच करा. गार पडलेली प्रत्येक वस्तू निकामी नसते. पोत्यात टाकण्याआधी मला एकदा चहाच्या किटलीवर ठेवून पाहा.