दोन माणसांचं क्वार्टर

ग्लासातल्या निळ्या टूथब्रशचं तोंड भिंतीकडे वळलेलं होतं. ती तो नेहमी आरशाकडे वळवून ठेवायची. दर तीन महिन्यांनी बदलायचीही, वापरणारं कुणी नसलं तरी. नवरा घर सोडून गेल्याला दोन वर्षं झाली होती. बियाणं तपासणाऱ्या त्या संस्थेत नवरा-बायकोला दोन खोल्यांचं क्वार्टर मिळे, एकटीला हॉस्टेलवर चौघींत एक खोली. म्हणून सगळ्यांच्या लेखी तो दौऱ्यावर असायचा.

काल चहाला दोघी आल्या होत्या. त्यांच्यापैकीच कुणीतरी ब्रश उचलून पाहिला होता.

तिचा संशय सरळ ताईवर गेला. ताई युनियनची सेक्रेटरी, घटस्फोटित, हॉस्टेलवर राहणारी. दुसरी वहिनी, तीही प्रयोगशाळेतच, पण साहेबांची बायको, म्हणून सगळ्यांची वहिनी. तिला काय पडलंय? गरज ताईला होती. शुक्रवारी मतदान होतं: संस्था देऊ करतेय तो कुटुंबभत्ता घ्यायचा, की सरसकट पगारवाढ मागायची. भत्ता फक्त नवरेवालींना. प्रयोगशाळेतल्या अकरा जणींत नवरेवाल्या सहा, आणि सहावी ती; तिचं एक मत फिरलं की ताईची बाजू जिंकणार.

लग्नाआधी मोर्चात तीच पुढे असायची. लग्नानंतर ‘आमच्या घरी असं म्हणतात’ हे तिच्या तोंडी बसलं. नवरा गेला, पण त्याची मतं घरातच राहिली. त्यांच्या जोरावर क्वार्टर टिकत होतं ना.

चार दिवस ती ताईवर डोळा ठेवून होती. ताईनं नुसता चिमटा मागितला तरी तिला त्यात काहीतरी काळंबेरं दिसे. गुरुवारी ओल्या कागदावरचे कोंब मोजता मोजता तिनं विचारलंच, “ताई, तुम्हाला माझ्याकडून काय हवंय ते एकदा सांगून टाका.”

ताईनं चष्मा वर सरकवला. “शंभरातल्या किती बिया उगवल्या ते. तुमच्या सत्याऐंशी, माझ्या एक्याण्णव. एकच कागद आहे बाई, पुन्हा मोजा.”

इतकं साधं उत्तर ऐकून तिचा संशय वाढलाच.

शुक्रवारी कँटीनमध्ये वहिनीनं खुर्ची तिच्या अगदी जवळ ओढली. आवाज लोण्यासारखा. “तुमचं क्वार्टर किती ऐसपैस आहे हो. बाथरूमसुद्धा कशी, एकाच माणसाची असावी तशी.” तिच्या बशीत एक बिस्किट ठेवत ती हसली. “जपा. एकट्या बायकांचं एकट्या बघतील. आपण सहाजणी आहोत, हो ना?”

बिस्किट तिनं उचललं नाही. चार दिवस आपण भलत्याच बाईवर पाळत ठेवली, हे तिच्या ध्यानात आलं, आणि कानशिलं तापली. हॉस्टेलवर चौघींच्या खोलीत चौथी खाट रिकामी आहे, हेही तिला ठाऊक होतं.

ताई एकेकीला विचारून यादीत टिपत होती. पाच आणि पाच झाले.

“आणि तुम्ही?” ताईनं मान वर न करताच विचारलं.

बाकीच्या बसूनच बोलल्या होत्या. ती उठून उभी राहिली. जे वाक्य दोन वर्षं पुढच्या महिन्यावर ढकललं होतं, ते बोलायला तिला आधी पाणी प्यावं लागलं.

“सरसकट पगारवाढ. आणि माझ्यापुढे विवाहित लिहू नका, ताई. नवरा दोन वर्षांपूर्वीच सोडून गेलाय. सोमवारी मी घटस्फोटाचा अर्ज देतेय.”