अण्णा बंद

गौरीला कानडी येत नव्हती, आणि न येणाऱ्या भाषेबद्दल तिचा एक साधा नियम होता: कानावर पडेल तो शब्द मराठी समजायचा. चिंचवडहून लग्न होऊन ती बंगळूरला, हलसूरच्या घरी आली, त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे दारात एक माणूस ‘हाल, हाल’ करत उभा राहिला. गौरीने त्याला आत बोलावलं, पाणी दिलं, कशाने हाल झाले म्हणून विचारलं. तो दूधवाला होता; कानडीत हाल म्हणजे दूध. दुपारी शेजारच्या अज्जींनी कुंपणावरून विचारलं, “ऊटा आयता?” लग्नाला दोन दिवस झाले नाहीत तोच आपल्याला कुणी ‘ऊठ, आयता’ म्हणेल, असं तिला वाटलं नव्हतं. ती मुकाट उठली आणि घासलेली भांडी पुन्हा घासायला बसली. अज्जी फक्त जेवण झालं का विचारत होत्या, हे सासूबाईंनी सांगेपर्यंत पातेल्यांत तोंड दिसायला लागलं होतं.

पुढच्या आठ महिन्यांत तिचे तीन शब्द पक्के झाले. स्वल्प म्हणजे थोडं, सरी म्हणजे बरं, बेडा म्हणजे नको. भाजीवाल्यापुरते तेवढे पुरायचे.

आता नोव्हेंबर होता, साल पंच्याण्णव. तिचा नवरा नागोजी नौदलात खलाशी होता आणि त्याचं पत्र येऊन एकेचाळीस दिवस झाले होते. बातम्यांतली बाई चार दिवस बंगालच्या उपसागरावर जिलबीसारखं पांढरं वेटोळं दाखवत होती. गौरीने त्या आठवड्यात जिलबी खाल्ली नाही. बाकी काय करायचं ते तिला सुचत नव्हतं.

त्या दिवशी सकाळी सासूबाई जमनाबाई उशांना कापड आणायला चिकपेटेच्या बाजारात गेल्या. शेजारच्या प्रेमाक्का बँकेत गेल्या होत्या. गल्लीतला एकुलता एक फोन त्यांच्याकडे, आणि घरात फक्त त्यांची सासू, म्हणजे अज्जी. साडेदहाला फोन वाजला. मग अज्जी कुंपणाशी आल्या.

“मद्रासिंद फोनु,” त्या म्हणाल्या. “अण्णा बंद.”

अण्णा म्हणजे नागोजी. आईपासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळे त्याला अण्णाच म्हणत. गौरी तेवढी ‘अहो’ म्हणायची.

“बंद?” गौरीने विचारलं.

“हूं. बंद.” अज्जींनी दोनदा मान हलवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून ते कायमचंच होतं, पण हे गौरीला त्या क्षणी आठवलं नाही. अज्जींनी तिच्या तळहातावर गुळाचा खडा ठेवला, गाल कुरवाळला आणि दोसा करपेल म्हणून आत गेल्या.

अशा वेळी इथे गूळ देतात, हे गौरीला माहीत नव्हतं. वडीलधाऱ्यांनी दिलेलं टाकू नये, एवढं माहीत होतं. तिने तो खाल्ला. अर्धा खडा गिळल्यावर आपण काय खातोय ते तिच्या ध्यानात आलं. मग तो ना खाली जाईना, ना वर येईना.

ती घरात आली. घर जसंच्या तसं होतं, कारण ते बांधलेलं होतं. नागोजी सुट्टीवर आला की हलणारी प्रत्येक वस्तू दोरीने आवळायचा. फ्रिज खिडकीच्या गजाला, टीव्ही कपाटाला, तुळशीची कुंडी नळाला.

“अहो, बंगळूर समुद्रापासून तीन हजार फूट वर आहे,” ती एकदा म्हणाली होती. “इथे काय हलणार?”

“आज नाही हलत,” तो म्हणाला होता, आणि मिक्सर बांधायला गेला होता.

तो हसवायला असं करत नव्हता, ही खरी पंचाईत होती. त्याला सगळं माणसांसाठी बांधून ठेवायचं असे. जिथे जहाज लागेल तिथून तो घरातल्या प्रत्येकाला वेगळं पत्र लिही. एकदा अंदमानातून एक पत्र फ्रिजच्या नावाने आलं होतं: बर्फ दर पंधरा दिवसांनी काढून घेणे. जमनाबाईंनी ते फ्रिजला वाचून दाखवलं होतं. शेवटचा प्रश्न मात्र सगळ्यांना एकच असायचा: रात्री दाराची कडी तपासता ना? हजार मैलांवर, सगळीकडे पाणीच पाणी, आणि हा माणूस हलसूरच्या कडीला घाबरून जागा.

गौरी हे आठवत होती आणि मध्येच तिच्या लक्षात आलं, की आपण ‘लिहायचे’, ‘बांधायचे’ असं भूतकाळात म्हणतोय. ‘लिहितात’, ‘बांधतात’ असं नाही.

तिने सासूबाईंचा विचार केला. रक्तदाबाची गोळी सकाळी घेतली होती का? बारापर्यंत त्या येणार. त्यांना कसं सांगायचं? तिने वाक्यं जुळवून पाहिली. आई, एक वाईट बातमी आहे. हे नको. आई, उशांचं कापड मिळालं का? हेही नको, पण त्यातल्या त्यात बरं होतं.

आणि मग ट्रंक आठवली.

ती पलंगाखाली होती, करडी, निळ्या दोरीने बांधलेली. जाताना तो म्हणाला होता, “ही गाठ मी येऊन सोडीन. मी नाही आलो, तर तू सोड. सगळं आत आहे.” कशी सोडायची ते तो दाखवणार होता, तेवढ्यात रिक्षा आली.

गौरीने ट्रंक ओढून बाहेर काढली. गाठ सोडायची म्हणजे तो येणार नाही हे मान्य करायचं. तिने डोळे मिटून मान्य केलं आणि टोक ओढलं. गाठ आणखी आवळली. तिने नखं लावली, दात लावले, लाटणं घालून पाहिलं. पाऊण तासाने गाठ सुपारीएवढी झाली होती. नवरा गेला त्याच दिवशी त्याची गाठही आपल्याला जुमानत नाही, असं काहीतरी तिच्या मनात येत होतं. ती स्वयंपाकघरातून विळी घेऊन आली आणि दोरी पात्यावर घासू लागली. अर्धी दोरी तुटली.

“अगे, काय चाललंय?” दारात जमनाबाई, काखेत कापडाचा गठ्ठा.

“आई, आधी पाणी प्या.”

जमनाबाईंनी विळी पाहिली, ट्रंक पाहिली. त्या पाणी प्यायल्या नाहीत.

“मद्रासहून फोन आला होता,” गौरी म्हणाली. “हे... गेले.”

“कुठं गेला?”

गौरीने ट्रंककडे बोट दाखवलं. जमनाबाई सावकाश पलंगावर बसल्या. गठ्ठा घसरून पडला, तो त्यांनी उचलला नाही. एक हात छातीवर गेला.

“कोण म्हणालं?”

“अज्जी.”

“काय म्हणाल्या? तसंच सांग. एक अक्षर बदलू नकोस.”

“अण्णा बंद.”

जमनाबाईंचा छातीवरचा हात हळूहळू खाली आला आणि कपाळावर गेला.

“बंद म्हणजे आला गे, माझ्या आये. कानडीत बंद म्हणजे आला.” त्या हसू लागल्या, आणि हसताहसता रडू लागल्या. “माझा भाचा आहे ना मद्रासच्या बंदरात, रघुपती, त्यानं जहाज लागलेलं बघून फोन केला असेल. आण ते पाणी. नाही, तूच पी.”

त्या कुंपणाशी जाऊन अज्जींना तीनदा विचारून आल्या. तिन्ही वेळा अण्णा आलेलाच होता. गौरीने “सरी” म्हटलं, पण विळी जागेवर ठेवली नाही. एकदा फसवलेल्या शब्दावर तिचा भरवसा उरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी नागोजी आला. काळवंडलेला, चार किलोंनी कमी, पायाला पट्टी. वादळाबद्दल तो “होतं स्वल्प वारं” एवढंच म्हणाला. आत येऊन त्याने आधी फ्रिज पाहिला, मग कडी पाहिली, मग पलंगाखाली वाकला.

“दोरी कोणी कापली?”

“मी.”

“अर्धीच?”

“आई आल्या.”

सुपारीएवढ्या गाठीत अंगठा घालून त्याने ती एका झटक्यात सोडली. आत कागदांचा गठ्ठा होता आणि वर चिठ्ठी, त्याच्या ठळक अक्षरात: गौरी, आधी पाणी पी. मग आईला दे. घाईने सांगू नकोस.

गौरीने ती वाचली. नागोजीने संकोचून चिठ्ठी परत आत सारली, झाकण लावलं आणि पिशवीतून नवी दोरी काढली.

“बस इथे,” तो म्हणाला. “मागच्या वेळी राहून गेलं. सोपी गाठ आहे. दोन मिनिटांत शिकवतो, म्हणजे पुन्हा वेळ आली तर...”

“बेडा,” गौरी म्हणाली.

“अगं, पण उद्या...”

“बेडा,” ती म्हणाली, आणि दोन्ही हात पाठीमागे घेऊन उभी राहिली. “तुम्हीच येऊन सोडायची.”