मुठीवरचं रबर

मी बोलतेय खरी, पण माझा आवाज या शिवलेल्या पुडक्याबाहेर जातो की नाही, कोण जाणे. मी एक रबरी ग्रिप आहे. रिव्हॉल्वरच्या लाकडी मुठीवर मोज्यासारखी चढवतात ना, ती. हातातून हत्यार सुटू द्यायचं नाही, एवढंच माझं काम.

जन्म कुठल्याशा कारखान्यातल्या साच्यात झाला. तिथला नुसता उकाडा आणि वास आठवतो. कळायला लागलं ते अमरावतीच्या एका बंदुकांच्या दुकानात, काचेच्या कपाटात. दुकानदार ललितभाऊ गोड माणूस, पण एका बाबतीत कडक. रिकामं केल्याशिवाय कुणाचं हत्यार ते काउंटरवर ठेवू देत नसत.

तिथे एके दिवशी शेषराव आले. वरूडकडचे संत्र्याचे बागाईतदार, सत्तरी ओलांडलेले, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा. सोबत बायको, रुख्मिणीबाई. शेषरावांचा उजवा हात खिशात होता आणि खिसा सारखा हलत होता.

निवडणूक लागली की लायसनवाल्यांना हत्यार ठाण्यात जमा करावं लागतं. निवडणूक संपल्यावर शेषराव आपलं रिव्हॉल्वर परत आणायला गेले, आणि ते हवालदाराच्या टेबलावरच हातातून निसटलं. हवालदार किशोर ओळखीचा. तो म्हणाला, "काकाजी, पुन्हा असं झालं तं मले साहेबाले सांगा लागन." मुलगा नितेशही मागे लागलाच होता, की हे लचांड एकदाचं कायमचं जमा करून टाका. पण रिव्हॉल्वर गेलं की गावात आपली किंमत गेली, असं शेषरावांना वाटे. माणसांचं हे मला कधी कळलं नाही. केस पिकलेले चालतात, दात पडलेले चालतात, हात थरथरलेला मात्र चालत नाही.

"मूठ गुळगुळीत आहे, म्हनून सुटते," रुख्मिणीबाई दुकानदाराला म्हणाल्या. "यायचा हात चांगलाच आहे."

ललितभाऊंनी तीन ग्रिप पुढे ठेवल्या. एकीला बोटांसाठी खाचा होत्या. शेषरावांना तीच रुबाबदार वाटली, पण खाचा दुसऱ्याच कुणाच्या मापाच्या. त्यांची जाड बोटं उंचवट्यांवरच बसायची. दुसरी जाड आणि मऊ. ती चढवल्यावर मूठ इतकी फुगली की बोट चापापर्यंत पोचेना. तिसरी मी. पातळ, खरबरीत, दिसायला यथातथाच.

मला चढवलेलं ते रिकामं रिव्हॉल्वर रुख्मिणीबाईंनी नवऱ्याच्या हातून घेतलं. विळ्याच्या मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून जन्मभर राबलेली बाई ती. बाटलीतलं पाणी तळव्यावर घेतलं, ओल्या हाताने मला धरलं आणि दोनदा झटकून पाहिलं.

"हे घ्या जी. याच्यातून नाही सुटत."

ललितभाऊ हळूच म्हणाले, "काकाजी, हात एकदा डॉक्टरले दाखवून घ्या."

"हाताले काय धाड भरली?" शेषराव उखडले.

त्यांच्या घरी राहायला लागल्यावर मला एक गोष्ट दिसली. रुख्मिणीबाई नवऱ्याला चहा कधी पेला भरून देत नसत. अर्धाच देत. चारचौघांत सांडू नये म्हणून. जेवताना वरणभातही त्याच कालवून ठेवत. या गोष्टीबद्दल दोघं एकमेकांशी एक शब्द बोललेले मी ऐकले नाहीत.

पुढच्या निवडणुकीनंतर पुन्हा ठाण्यात जायची वेळ आली. शेषरावांनी मला अशी आवळली की हाताची थरथर दिसलीच नाही. "वा काकाजी, हात बरा झाला वाटते," किशोर म्हणाला. नितेशनेही मग तो विषय सोडून दिला. मला तेव्हा फार अभिमान वाटला होता.

मग मृग बहराची संत्री पिकली आणि रानडुकरं बागेत शिरायला लागली. फांद्या मोडायची, फळांचा नास करायची. एका संध्याकाळी दिवस मावळताना शेषराव बांधावर उभे होते. झाडांत खसखस झाली. डुकरांना पळवायला हवेत बार काढावा म्हणून त्यांनी हात उचलला, आणि अर्ध्यावरच हाताला कापरं भरलं. पूर्वीची गोष्ट असती तर रिव्हॉल्वर मातीत पडलं असतं. मी ते पडू दिलं नाही. बोटं माझ्याभोवती आवळत गेली, त्यांच्याबरोबर चापही आवळला गेला.

झाडांमागे डुक्कर नव्हतं. रुख्मिणीबाई चहा घेऊन येत होत्या. अर्धा पेला.

शेषराव धावत जाऊन त्यांच्याजवळ बसले. रिव्हॉल्वर हातातच होतं, बोटं उघडत नव्हती. बाईंनी त्या हाताकडे पाहिलं.

"हात थरथर कापला म्हनून सांगू नका कोनाले," त्या म्हणाल्या. पुढे काही बोलल्या नाहीत.

नितेश धावत आला तोवर सगळं संपलं होतं. त्याने बापाची बोटं एकेक करून माझ्यावरून सोडवली. मला त्या हातातून निसटायचं होतं हो, पण निसटणं मला येतच नाही.

पोलीस आले. साहेबांनी विचारलं, "काकाजी, हात कापला का?"

"नाही."

"मग गोळी कशी सुटली?"

"माहा हात कापत नाही. नेम धरून मारली म्या."

"बाबा, खरं सांगा न!" नितेश ओरडून रडायला लागला. "जन्मठेप होईन तुमाले!"

शेषराव उजवा हात मांडीखाली दाबून बसून राहिले. साहेबांनी किशोरकडे पाहिलं. तो मान खाली घालून म्हणाला, "मागच्या वेळी तं हात पक्का होता, साहेब. म्या सोता पाहिला." तो बिचारा खरंच बोलत होता.

त्यानंतर मला रिव्हॉल्वरसकट कापडात शिवलं आणि वर लाखेचं सील ठोकलं. आता मी ठाण्याच्या मालखान्यात, जप्तीच्या वस्तूंमध्ये आहे. बायकोचा शेवटचा शब्द म्हातारा मोडणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. तिने ज्यासाठी मला निवडलं, तेच मी अजून करते आहे. त्यांची थरथर झाकून बसले आहे.

वकीलसाहेब, न्यायाधीशसाहेब, कुणीही असा, माझी एक विनंती ऐका. कोर्टात हे पुडकं फोडाल, तेव्हा रिव्हॉल्वर रिकामं आहे ना, ते ललितभाऊंसारखं नीट बघून घ्या. मग मला मुठीवरून ओढून काढा. जोर लावावा लागेल, मी घट्ट बसले आहे. आणि नुसत्या गुळगुळीत लाकडी मुठीचं ते रिव्हॉल्वर शेषरावांच्या हातात द्या.

ते पडेल. सगळ्यांसमोर पडू द्या.