तिसऱ्या ड्रिलची टाकी

रविवारी सकाळी सात वाजता सातपूरमधल्या कारखान्याचे शटर वर गेले आणि आतून नासलेल्या ताकासारखा वास आला. दसऱ्याचा शुक्रवार आणि आठवडी सुट्टीचा शनिवार, असा जोडून कारखाना बंद होता. वास तिसऱ्या ड्रिल मशीनखालच्या टाकीतून येत होता.

टाकीत कूलंट होते, म्हणजे पाण्यात कालवलेले दुधाळ तेल. लोखंडाला भोक पाडताना ते ड्रिलवर सोडतात. ड्रिल थंड राहते, सहज आत सरकते. बाकीच्या मशीनवर खनिज तेलाचे कूलंट होते. तिसऱ्यावर श्रावणापासून वनस्पती तेलाचे भरले होते, चाचणीसाठी. ते सगळीकडे घ्यायचे की परत पाठवायचे, हे दसऱ्यानंतर मालक अश्विनशेठ ठरवणार होते.

चाचणी चांगली चालली होती. धूर थांबला होता. ड्रिलला धार लावायला पूर्वीच्या निम्म्या वेळाही जावे लागत नव्हते. भोके आतून गुळगुळीत निघत. मालेगावकडचा भिकन पहिल्याच दिवशी टाकीवर वाकून म्हणाला होता, "यामां भजी तळाले काय हरकत शे?"

त्या मशीनवर चंद्रभागा काम करत असे. ती पेठकडची, लग्नानंतर सातपूरला आलेली. जुन्या तेलाने तिच्या बोटांना भेगा पडत, मनगटापर्यंत पुरळ येई. भाकरी थापताना पिठाला रक्त लागे. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मलम देऊन सांगितले होते: हे तेल सोडा, नाहीतर काम सोडा. घरात पगार तिचा एकटीचा होता. नवे कूलंट आले आणि भेगा भरल्या.

म्हणून खंडेनवमीला, यंत्रांच्या पूजेच्या दिवशी, तिने स्वतःहून नारळ आणला.

"आव्हाडदादा, ह्या मशीनवर तुम्हीच फोडा. हिनं माझे हात बरे केले."

सुपरवायझर गोरक्ष आव्हाडने मशीनच्या लोखंडी बेडवरच नारळ आपटला. टाळ्या पडल्या. पाणी बेडच्या कडेच्या जाळीतून खाली टाकीत गेले. त्यामागे झेंडूच्या पाकळ्या गेल्या, थोडी साखरही गेली.

गोरक्षने ते पाहिले होते. तेल पुरवणाऱ्या माणसाने त्याला बजावले होते: टाकीत खाण्याचे काही पडू देऊ नका, आणि सुट्टी असली तरी रोज थोडा वेळ पंप चालवा, साचून राहिले की नासते. गोरक्षने हे कुणाला सांगितले नाही. पंप चालवायला आपणच येऊ, असे त्याने ठरवले होते. शुक्रवारी सोने वाटण्यात दिवस गेला. शनिवारी तो बायकोमुलांना घेऊन वणीच्या गडावर गेला.

नारळाच्या पाण्याने नासले की बंद पंपाने, हे नक्की सांगता येत नव्हते. दोन्हींची जबाबदारी त्याचीच होती.

अश्विनशेठ नाकाला रुमाल लावून आले. "काय झालं, गोरक्ष?"

"नाजूक आहे शेठ हे तेल. सुट्टी सोसत नाही त्याला."

वाक्य दुरुस्त करायला अजून वेळ होता. शेठ समोरच उभे होते. तो वाकून टाकीत बघू लागला.

"मग आपल्या कामाचं नाही ते. आपल्याकडे सण काय कमी आहेत? टाकी धुऊन घ्या. उद्यापासून जुनं भरा." शेठ कुठल्याशा मीटिंगला अंबडला निघून गेले.

"भजी राहू द्या आप्पा," भिकन बादली घेऊन गोरक्षजवळ आला, "आते कढीच करा." कुणी हसले नाही.

चंद्रभागा जाळीत अडकलेल्या पाकळ्या काढत होती. त्या काळ्या पडल्या होत्या.

"माझाच नारळ नडला, दादा."

"नाही हो ताई."

"मग ह्या पाकळ्या कुठून आल्या? नारळाचं पाणी गोड. गोड नासतंच. तेलात खोट नाय. मी शेठना सांगते."

"काढून टाकतील तुम्हाला."

"जुनं तेल आलं तर मी तशी बी जाणारच हाय. सांगितलं तर तेल तरी राहील."

"थांबा. मी बोलतो त्यांच्याशी."

"तुम्ही काय बोलणार? तुमचा काय दोष? मी म्हटलं म्हणून तुम्ही फोडलात."

गोरक्षच्या तोंडून "पंप" एवढा शब्द निघाला.

"पंपाचं काय?"

"काही नाही. शेठ आले की बघू."

दुपारी त्याने डबा उघडला नाही. टाकी त्याने स्वतः धुतली, दोनदा. चंद्रभागा शेजारच्या मशीनवर बसली होती. तिथे जुने कूलंट होते. हातांना तिने फडकी गुंडाळली होती आणि एका हाताने दुसऱ्याचे फडके सारखे घट्ट करत होती.

चार वाजता शेठ परतले. गोरक्ष तेव्हा स्टोअरमध्ये होता. तो बाहेर आला तर ती जागेवर नव्हती.

भिकनने मान वर करून शेठांची केबिन दाखवली. "चंद्राताई गेल्या. म्हने, दादांचं नाव नाय घेणार." सकाळचा "पंप" हा शब्द त्याच्याही कानावर पडला होता. त्याने विचारले, "आप्पा, सुट्टीमां तो पंप कोन चालवणार होतं?"

गोरक्ष लोखंडी जिना चढून वर गेला. दाराआडून तिचा आवाज ऐकू येत होता. "नारळ मी आणला. फोडाया बी मीच सांगितलं."

त्याने दार वाजवले.

"थांबा जरा," आतून शेठ म्हणाले.

पाच वाजता शिफ्ट सुटली. दार बंदच होते आणि गोरक्ष बाहेर उभा होता. खाली धुतलेली टाकी वाळली होती. तिच्यात अजून कोणतेच तेल भरलेले नव्हते.