सुई जिथे उडते

स्टेपलर तिसऱ्या रांगेपर्यंत पोचला होता आणि अकरावी ‘ब’चा वर्ग लग्नघरासारखा खुशीत होता. शरयूबाई पागे हजेरीपट घेऊन दारात आल्या तेव्हा आधी त्यांना वाटलं, कुणाचा तरी वाढदिवस असावा. मग त्यांनी नीट पाहिलं. मुख्याध्यापिका शर्मिला बारलिंगे स्वतः टेबलापाशी उभ्या होत्या, आणि मुलं एकेक करून आपापल्या इंग्रजी कादंबरीची काही पानं एकत्र धरून त्यांना पिना मारत होती.

“मॅम, सातवाँ चैप्टर कट गया!” अपूर्वनं त्यांना बघताच ओरडून सांगितलं. “एग्जाम में भी नहीं आएगा!”

“और भी कुछ कटेगा क्या, मॅम?” मागून कुणीतरी मोठ्या आशेनं विचारलं आणि वर्ग खदखदून हसला.

मुलांना तरी दोष कसा द्यायचा? दर एक-दोन वर्षांनी बोर्ड काही धडे गाळतं, आणि धडा गळला की मुलांची दिवाळी असते. गाळलेल्या पानांना पिना मारून टाकायच्या, म्हणजे चुकूनसुद्धा अभ्यास व्हायला नको, ही हिंदी मुलखातल्या, मराठी मंडळानं चालवलेल्या या शाळेची जुनी पद्धत. शरयूबाईंनीही ती आजवर निमूटपणे पाळली होती. एखादी कंटाळवाणी कविता गळाली की खरं तर त्यांनाही हायसं वाटायचं. आज मात्र त्यांच्या मस्तकात तिडीक गेली.

कारण ही कादंबरी मुळात कापाकापीचीच होती. त्यात एक शहर आहे. त्या शहरात ग्रामोफोनची प्रत्येक तबकडी आधी सरकारी कचेरीत जाते. जी ओळ सरकारला नको असेल तिच्यावर कचेरीतला माणूस खिळ्यानं ओरखडा काढतो. घरी तबकडी लावली की सुई तेवढ्या जागेवरून उडून पुढे जाते. सुरुवातीला लोक हळहळतात, मग त्यांना सवय होते. पुढे तर तिथली मुलं गाणं म्हणताना मधला तुकडा गाळूनच म्हणतात, कारण गाणं तसंच असतं अशी त्यांची समजूत झालेली असते. पहिलं प्रकरण वाचताना ‘कितने बुद्धू लोग हैं, मॅम’ म्हणून हसलेली हीच मुलं आता रांगेत उभी राहून पिना मारत होती.

दुसऱ्या बाकावर अंजनी ढोबळे मात्र खाली मान घालून बसली होती. तिचं पुस्तक दप्तरातून बाहेरच आलं नव्हतं.

मधल्या सुट्टीत शरयूबाई तडक मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेल्या. शर्मिला त्यांच्यापेक्षा वयानं बरीच लहान. एके काळी दोघी एकाच स्टाफरूममध्ये एकाच डब्यातली भाजी खात. ती त्यांना अजूनही ताईच म्हणे.

“ताई, बसा आधी. पाणी घ्या,” शर्मिला म्हणाली. “मला माहीत आहे तुम्ही काहून आल्या.”

“मग सांग.”

“पुंडलिकराव ढोबळे. आपल्या इथल्या गोरखपूर बाजारात पाइप-नळांचं दुकान आहे ना, ते. अंजनीचे वडील. मंडळावर आहेत यंदा. त्यांनी एका पानाचा फोटो काढून पालकांच्या ग्रुपवर टाकला. पोरगी बापाला न विचारता घर सोडून जाते, असं लिहिलंय त्यात. झालं, सगळे तुटून पडले. आमच्या पोरींना हे शिकवता का म्हणून.”

“अख्खं प्रकरण वाचलं का त्यांनी?”

“कोण वाचतं हो ताई! एक पान पाहिलं अन् पेटले.” शर्मिलानं आवाज खाली आणला. “एका प्रकरणासाठी काहून जीव टांगणीला लावता? मार्चमध्ये तुमचं एक्स्टेन्शन मंडळासमोर येऊन राहिलं.”

हे खरं होतं. शरयूबाईंचं निवृत्तीचं वय उलटून गेलं होतं. मंडळ दर वर्षी एकेक वर्षानं त्यांची नोकरी वाढवून देई, आणि त्या दर मार्चमध्ये नवी नवरी माहेरच्या पत्राची वाट पाहते तशा त्या कागदाची वाट पाहत. घरी खायला कमी नव्हतं. पण सकाळी साडी नेसून, खडूच्या धुळीत जाऊन उभं राहिल्याशिवाय आपला दिवस उजाडत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. वर्गाशिवाय आपण कोण, या विचारानंच त्यांना धडकी भरे.

“मी सातवं प्रकरण शिकवणार आहे,” त्या म्हणाल्या.

“ताई!”

“तुला आधी सांगितलेलं बरं, म्हणून सांगते.”

संध्याकाळी घरी अच्युतरावांनी सगळं ऐकून घेतलं. ते रेल्वेतून निवृत्त झालेले, स्वभावानं शांत. वर्तमानपत्राची घडी घालत ते म्हणाले, “तू काहून भांडून राहिली? ज्याला वाचायचं तो पिन काढून वाचेल. पिनच आहे, कुलूप थोडीच आहे.”

“कुणी काढणार नाही. तेच तर दुखतंय,” शरयूबाई म्हणाल्या. “जबरदस्ती केली असती तर एखाद्यानं तरी काढली असती. यांना आनंद झालाय हो! खदखदून हसत होती पोरं. अन् मी हजेरीपट धरून बघत उभी.”

अच्युतरावांनी उठून चहा टाकला, म्हणजे प्रकरण गंभीर आहे हे त्यांना कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी शरयूबाईंनी मुकाट आठवं प्रकरण काढलं. सहाव्यात तबकडीवर गाणं गायलेली मुलगी घरी बापाच्या पानात भात वाढत होती. आठव्यात ती दुसऱ्याच गावात, भाड्याच्या खोलीत, एकटी. पानभर वाचून होत नाही तोच अपूर्वचा हात वर आला.

“मॅम, ये घर से कब गई?”

“मला काय माहीत? सातव्यात असेल. सातवं तर तुम्ही बंद केलंत.”

शरयूबाई इंग्रजी शिकवताना असं मधूनच मराठीत घसरत. वर्गातल्या निम्म्या मुलांना ते समजे, उरलेली अंदाज बांधत.

“पर मॅम, गई क्यों?”

“तुम्हीच सांगा.”

मग काय, वर्गाला ऊत आला. एक म्हणाला, बापानं मारलं असणार. दुसरी म्हणाली, नाही, कुणी मुलगा असणार. तिसऱ्यानं तर बापाला दारूच पाजली. शरयूबाई फळ्याशी हाताची घडी घालून ऐकत राहिल्या. अंजनी दोनदा उठायला झाली आणि दोनदा बसली. तास संपल्यावर ती त्यांच्या मागोमाग व्हरांड्यात आली. घरात मराठी ऐकत वाढलेली, पण बोलताना अडखळणारी.

“मॅम, असा काहीच नाहीये त्यात. मी वाचली आहे. पापांनी सिर्फ तो एक पेज बघितला. सगळे मला ही बोलून राहिले की तुझ्यामुळे झाला.”

“मग घरी सांगितलंस पापांना, त्यात काय आहे ते?”

अंजनीनं नकारार्थी मान हलवली. “पापांना कोण सांगणार, मॅम?”

वर्गातले ते अंदाज संध्याकाळपर्यंत गोरखपूरच्या बाजारात पोचले, तेही तिखटमीठ लावून. दुसऱ्या दिवशी शाळा भरते न भरते तोच पुंडलिकराव मुख्याध्यापिकांच्या खोलीत येऊन थडकले. उंचेपुरे, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. शरयूबाईंना बोलावणं गेलं.

“मॅडम, तुम्ही लावलं काय आहे?” ते उभ्यानंच म्हणाले. “मी म्हटलं ते प्रकरण बंद करा, तर तुम्ही पोरांना सांगता की बाप दारू पिऊन पोरीले मारते?”

“मी काहीच सांगितलं नाही. बंद केलेल्या पानांत काय असेल, ते मुलांनी ठरवलं. पुस्तकातला बाप दारूच्या थेंबाला शिवत नाही, पुंडलिकराव.”

“मग पोरगी जाते काहून?”

“हेच मुलांनीही विचारलं.”

शर्मिलानं पेपरवेट उगाच इकडचं तिकडे केलं.

“उद्या माझ्या तासाला येऊन बसा,” शरयूबाई म्हणाल्या. “मी सातवं प्रकरण वाचणार आहे. तुम्हाला मधेच वाटलं की हे पोरींच्या कानावर पडायला नको, तर उभे राहा. मी त्याच ओळीला थांबेन आणि पुन्हा कधी ते पुस्तक उघडणार नाही. शब्द देते.”

“माझं इंग्लिश दुकानापुरतं आहे, मॅडम.”

“अंजनीचं चांगलं आहे. ती सांगेल शेजारी बसून.”

पुंडलिकरावांनी शर्मिलाकडे पाहिलं, शर्मिलानं खिडकीकडे. “येतो,” ते म्हणाले. “पण मी उभा राहीन, आताच सांगून ठेवतो.”

सकाळी शरयूबाई निघायच्या बेतात असताना मंडळाचे सचिव रत्नाकरराव यांचा फोन आला. रत्नाकरराव वाईट माणूस नव्हेत. गणपतीत त्यांच्या घरी जाणं-येणं होतं.

“वहिनी, पुंडलिकरावांचं ते काय असेल ते असो. मंडळानं एकदा बंद म्हटलंय. तुम्ही आज वर्गात ते वाचलं तर मार्चनंतर माझ्या हातात काही राहत नाही. चलो, एवढंच सांगायचं होतं. नाराज नका होऊ.”

“बरं,” शरयूबाई म्हणाल्या.

“बरं म्हणजे नाही वाचणार ना?”

“बरं म्हणजे तुम्ही सांगितलं, मी ऐकलं.”

फोन ठेवून त्यांनी पुस्तक पिशवीत टाकलं. अच्युतराव दारात स्कूटरची किल्ली घेऊन उभे होते. रोज त्या ऑटोनं जात. आज त्यांनी काही न विचारता बायकोला मागे बसवलं आणि शाळेच्या फाटकापाशी सोडताना एवढंच म्हणाले, “आवाज मोठा ठेव. शेवटच्या बाकापर्यंत गेला पाहिजे.”

शेवटच्या बाकावर पुंडलिकराव बसले होते. बाक पोरांच्या मापाचा, त्यामुळे त्यांना गुडघे बाहेर काढून तिरपं बसावं लागलं होतं. शेजारी अंजनी, लाल झालेली. दाराबाहेर व्हरांड्यात शर्मिला येरझारा घालत होती.

“ज्यांना पानं उघडायची असतील त्यांनी उघडा. नाहीतर नुसतं ऐका,” शरयूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली.

त्या एक परिच्छेद वाचत आणि थांबत. तेवढ्यात मागून अंजनीची कुजबुज ऐकू येई. तो बाप त्याच कचेरीत नोकरीला असतो. एक दिवस पोरीचीच तबकडी त्याच्या टेबलावर येते. गाण्यात एक ओळ अशी असते, की तशीच वरच्या साहेबाकडे गेली तर तबकडी फुटेल आणि पोरगी तुरुंगात जाईल. ती ओळ तिनं घरी कधी म्हटलेलीच नसते, गाणं भरताना ऐनवेळी घातलेली असते. बाप खिळा उचलतो. ओरखडा काढायच्या आधी तो ते गाणं एकदा पूर्ण ऐकतो, आणि मग आपल्या हातानं ती ओळ मारून टाकतो.

पोरगी घरी तबकडी लावते. सुई उडते. ती रडते, कचेरीतल्या त्या अनोळखी माणसाला शिव्याशाप देते. बाप शेजारी बसून जेवत असतो. तो मान वर करत नाही.

शरयूबाई इथं थांबून पाणी प्यायल्या आणि पुढे वाचू लागल्या. काही दिवस जातात. एका सकाळी बाप कामावर जाण्याआधी बूट पुसत बसलेला असतो, आणि नकळत गुणगुणू लागतो. तेच गाणं, सबंध. त्या ओळीसकट. पोरगी दारात उभी राहून ऐकते. खोडण्याआधी ती ओळ ऐकलेली असणार ती फक्त खिळा धरणाऱ्यानं. त्या दुपारी ती पिशवी भरते आणि बापाला न विचारता घर सोडून जाते.

फोटोतलं पान ते हेच.

बाक करकरला. सगळ्या वर्गानं वळून पाहिलं. पुंडलिकराव उभे राहिले होते.

शरयूबाईंनी दिलेला शब्द पाळला. त्या तिथंच थांबल्या. मार्च तर गेलाच होता, आता हेही गेलं, असं त्यांच्या मनात आलं. पण त्यांनी मान ताठ ठेवली. व्हरांड्यातल्या येरझाराही थांबल्या.

मग त्यांच्या लक्षात आलं, की पुंडलिकरावांचा उजवा हात वर आहे. अर्धवट, कोपरात वाकलेला, शाळा सोडून जमाना झालेला माणूस करेल तसा.

“विचारा,” त्या म्हणाल्या.

“मॅडम, मला एक नाही समजलं.” पुंडलिकरावांचा आवाज दुकानातल्यासारखा मोठा नव्हता. “खिळा त्यानंच मारला ना? पोरीसाठीच मारला, ठीक. मग त्यानं ती ओळ विसरून जायची. घरात बसून म्हणते काहून? कोणी ऐकलं तर पकडल्या जाईन ना तो.”

कुणी हसलं नाही. शरयूबाईंना उत्तर येत होतं. कित्येक वर्षं असली उत्तरं त्यांनी फळ्यावर लिहून दिली होती आणि मुलांनी ती उतरून घेतली होती. आज त्यांनी खडू उचलला नाही. त्यांनी वर्गावरून नजर फिरवली आणि वाट पाहिली.

पुंडलिकरावांच्या शेजारचा हात वर गेला.

“सांग, अंजनी. मराठीत सांग.”

अंजनी उभी राहिली. बाप-लेक त्या अरुंद बाकात खांद्याला खांदा लावून उभे होते. ती शरयूबाईंकडे पाहत नव्हती.

“पापा, त्याला गाणा आवडला होता,” ती म्हणाली. “पोरीला बोलता नाही येत होता त्याला.”

पुंडलिकरावांनी वळून तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी मान डोलावली, कुणाला ते कळलं नाही.

“बसा दोघं,” शरयूबाई म्हणाल्या.

ते बसले. प्रकरणाचं शेवटचं पान अजून राहिलं होतं. शरयूबाईंनी चष्मा पुसला, पुस्तक वर धरलं आणि शेवटच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात वाचू लागल्या.