बाबांनी निवडलेला कॉम्प्युटर

बाबांनी जाण्याआधी ट्रकसाठी दुसरं इंजिन आणून ठेवलं होतं. अपघातात केबिन चेपलेल्या एका ट्रकचं. त्याच कंपनीचं, पण आमच्यापेक्षा बरंच नंतरचं मॉडेल. इंजिनाला किती डिझेल द्यायचं ते ठरवणारा त्याचा कॉम्प्युटर मात्र त्यांनी घेतला नाही. ‘‘आपला आहे की घरचा, मुरलेला,’’ असं मिस्त्रींना म्हणाले होते. ते गेल्यावर मिस्त्रींनी त्यांच्या शब्दाप्रमाणे नवं इंजिन बसवलं आणि त्याला आमच्या जुन्या कॉम्प्युटरचा डबा जोडला. सगळे प्लग बरोबर बसले, म्हणून कुणाला शंका आली नाही.

इंजिन सुरू झालं. खोकलं, काळा धूर ओकलं आणि पाय कितीही दाबला तरी वर चढेना.

‘‘इंजिनच खराब निघालं,’’ काका म्हणाले. ते बाबांचे धाकटे भाऊ आणि ट्रकचे अर्धे मालक. ‘‘सोमवारी भंगारवाला येतोय. ट्रक देऊन टाकू.’’

‘‘इंजिन चांगलं आहे, काका. डबा चुकीचा आहे.’’

‘‘दादानं निवडलेला?’’

‘‘हो.’’

मिस्त्री आधीच घट्ट असलेला नट पुन्हा आवळू लागले. मी त्यांना विचारलं, ‘‘या इंजिनाचे डिझेल फवारणारे इंजेक्टर वेगळे आहेत ना?’’

त्यांनी मान डोलावली. म्हणजे डबा अजून काढून टाकलेल्या इंजिनाच्या हिशेबानंच डिझेल सोडत होता. ते इंजिन आता नाही, हे त्याला कळायला मार्ग नव्हता. मी स्वतः अजून रोज सकाळी बाबांचा धरून दोन कप चहाचं आधण ठेवत होते. डब्याला नावं ठेवण्याचा अधिकार मला नव्हता.

‘‘मग बोलला का नाहीत?’’

‘‘गेलेल्या माणसाचा शब्द कसा मोडू, ताई?’’

‘‘तुम्ही नका मोडू. मी मोडते.’’

‘‘आणि ट्रक चालला, तर चालवणार कोण?’’ काकांनी विचारलं.

‘‘मी. लायसन्सचं काय लोणचं घालू?’’

बाबांनी इंजिन जिथून आणलं होतं, त्या जुन्या गाड्यांच्या आवारात मी गेले. मालकानं टेबलावर तीन डबे मांडले.

‘‘सेम टू सेम. घ्या कुठलाही.’’

‘‘त्याच इंजिनाचा द्या. त्याची चावी, चावीचं कुलूप आणि कुलपाभोवतीची चावी ओळखणारी कडी पण. डब्याला चावी ओळखीची नसेल, तर तो इंजिन सुरूच होऊ देणार नाही.’’

‘‘त्या ट्रकची केबिन पार तळाला आहे हो. वर दोन रचल्यात.’’

‘‘मग उतरवा.’’

‘‘आज क्रेनवाला नाही.’’

‘‘बसते.’’

भिंतीशी कुठल्याशा बसचं सीट पडलं होतं, त्यावर बसले. तो आत-बाहेर करत राहिला. माझ्याकडे बघायचा, उसासा टाकायचा, फोन लावायचा.

‘‘तुमचे वडील एवढे हट्टी नव्हते,’’ शेवटी तो म्हणाला.

‘‘होते. म्हणून तर मला यावं लागलं.’’

तो हसला. मला हसू आलं नाही, पण बरं वाटलं. दुपार कलताना क्रेनवाला आला.

मिस्त्रींनी कुलूप, कडी आणि डबा बसवला, दोन वायरी बदलल्या आणि बाजूला झाले. चावी मीच फिरवली. सगळे दिवे लागले आणि एकेक करून विझले. इंजिन एका दमात सुरू झालं. धूर नाही, खोकला नाही. मी हळूहळू पाय दाबला. आवाज चढत गेला आणि कुठंही अडला नाही. तो आमच्या ट्रकचा आवाज नव्हता. बाबा असते, तर चुकीचे ठरल्यावर दोन दिवस माझ्याशी बोलले नसते. ते दोन दिवसही मला चालले असते.

सोमवारी भंगारवाला आला, तेव्हा ट्रक माल भरून उभा होता. त्यानं काकांकडे पाहिलं.

‘‘मला काय विचारतोस? पुतणीला विचार,’’ काका म्हणाले. ‘‘बापालाही खोटं पाडते ती.’’

म्हणाले तक्रारीच्या सुरात, पण म्हणता म्हणता त्यांनी फाटकाचा अडसर काढला, दोन्ही दारं भिंतीपर्यंत ढकलली आणि भंगारवाल्याला वाटेतून बाजूला व्हायला सांगितलं. मी गिअर टाकला.